मागच्या खोलीतला फ्रिज

अहो, खाली जाळ लावायचा आणि वर बर्फ धरायचा, हे कुणाला पटेल का? नागोजीरावांना मात्र बावीस वर्षं हेच लोकांना पटवत फिरावं लागलं होतं, आणि आता त्यांना त्याचा अगदी वीट आला होता. आधी कुन्नूरच्या चहामळ्यांवर रॉकेलचे फ्रिज, मग मद्रासला माउंट रोडवरच्या एका कंपनीत गॅसचे. शहराबाहेर नव्या वस्त्या उठत होत्या, घरं बांधून व्हायची आणि विजेचा खांब दोन गल्ल्या अलीकडेच अडून बसायचा. अशा घरांत नागोजीराव जायचे.

वय चौपन्न, गुडघे सत्तरीचे. पूर्वज म्हणे भोसल्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून तंजावरात उतरले. ‘घोडा त्यांनी वापरून संपवला, माझ्या वाट्याला पाय तेवढे आले,’ असं ते बायकोला, अलमेलूला, सांगायचे आणि संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसायचे. ती बिचारी पाणी बदलत राहायची.

घरोघरी एकच पाठ म्हणायचा. फ्रिज पाणसळीत सरळ हवा, तिरका झाला तर आतलं औषध फिरत नाही. मागे हातभर मोकळी जागा. सिलिंडर भिंतीबाहेर, उभा. गळती बघायची ती साबणाचा फेस लावून, काडी ओढून नव्हे. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली की गॅस बंद करा आणि मला कार्ड टाका. मागचं धुराडं सहा महिन्यांनी साफ करून घ्या. आणि शेवटचं, या खोलीची खिडकी लावायची नाही आणि इथे कुणी झोपायचं नाही. सत्यनारायण सांगणाऱ्या भटजींसारखं हे तोंडातून आपोआप यायचं. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, ‘बर्फ किती वेळात होतो?’

बासष्ट सालच्या जुलैत ते मद्रासजवळच्या आवडी गावी सेतुमाधवरावांच्या घरी गेले. सेतुमाधवराव लष्करी कारखान्यात हेडक्लार्क. कारखान्यातला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी निघाला तेव्हा त्याचा फ्रिज यांनी उचलला. हेही तंजावरचेच, पण देशस्थ, घरात कडक सोवळं. आई अंबुजाबाई ओल्या लुगड्यात स्वयंपाक करणाऱ्या. फ्रिज दारात आला तेव्हा त्यांनी एकदाच बघितलं आणि निकाल दिला.

“अय्यो, जाळावर थंड केलेलं काल-परवाचं दही! तें माझ्या सैपाकघरांत नक्को. दूरच्या खोलींत ठेवा. तोही दूरच बसूं दे.”

दूरची खोली म्हणजे परसातली. सेतुमाधवरावांची बायको महिन्याच्या पाळीचे तीन दिवस दूर बसायची ती तिथे. सहा बाय आठची, एक दार, एक खिडकी. नागोजीरावांनाही ती सोयीचीच होती. ते मराठा, सैपाकघर ओलांडायचा प्रश्नच नको. परसाच्या फाटकातून यायचं, काम करायचं, तिथूनच जायचं.

त्यांनी फ्रिजखाली पाचर मारली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, सिलिंडर भिंतीबाहेर पडवीत उभा केला, नळी आत घेतली, सांध्यांना फेस लावून बघितला. ज्योत पेटवली. निळी, शांत, जाईच्या कळीएवढी.

“इथे कुणी झोपतं का?” त्यांनी विचारलं.

“छे, या खोलीत कुणी राहत नाही,” सेतुमाधवराव म्हणाले.

कोपऱ्यात एक गुंडाळलेली चटई होती. तिच्याशेजारी अॅल्युमिनियमचं एक ताट आणि एक लोटा, घरातल्या इतर भांड्यांपासून वेगळा. नागोजीरावांनी ते बघितलं. त्यांना कळलंही. तंजावरच्या माणसाला ते कळायला कितीसा वेळ लागणार? पण एका परक्या पुरुषानं दुसऱ्याच्या घरात विचारायची ती गोष्ट नव्हती, आणि शिवाय दिवसातलं ते पाचवं घर होतं. ते गप्प बसले. कंपनीच्या तपासणी-कार्डावर ‘हवा : ठीक’ असं लिहिलं, सही केली आणि गाडी गाठली.

नोव्हेंबरात कार्ड आलं. फ्रिज थंड होत नाही, दूध नासतं.

मद्रासचा नोव्हेंबर म्हणजे विचारू नका. चार दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. नागोजीराव आवडी स्टेशनातून छत्री धरून निघाले, चपला हातात घेतल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, आणि पाऊण तास चिखल तुडवत परसाच्या फाटकाशी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंबुजाबाई सैपाकघराच्या मागच्या उंबऱ्यात आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “आज नक्को हो, नागोजीराव. खोली मोकळी नाहीं. सून दूर आहे, कालपासून. परवां या.”

खरं सांगायचं तर नागोजीरावांना बरं वाटलं. असं बरं वाटलं की त्याची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली. आज धुराडं उतरवायला नको, गुडघ्यावर बसायला नको, चारची गाडी मिळेल. ते ‘सरी’, म्हणजे बरं, असं म्हणाले आणि वळले.

“आणि डोकेदुखीचं कांहीं औषध ठाऊक आहे कां तुम्हांस?” अंबुजाबाईंनी मागून सहज विचारलं. “आमच्या चंद्रिकेला या तीन दिवसांत भारी पित्त होतं. डोकं धरून पडते, ओकते. चौथ्या दिवशीं न्हाऊन बाहेर आली कीं कांहीं नाहीं, खडखडीत.”

नागोजीराव फाटकाला हात लावून थांबले.

“किती महिने झाले?”

“हा तिसरा.”

त्यांनी खोलीकडे बघितलं. दार लोटलेलं. पावसाची झड येऊ नये म्हणून खिडकी लावून फटीत गोणपाट कोंबलेलं. भिंतीला लागून पाणी साचलं होतं, म्हणजे आतली जमीन एका बाजूनं खचली असणार, फ्रिज कलला असणार. आणि बंद खिडकीच्या वरच्या फटीत काजळीची एक काळी रेघ.

कुन्नूरला एका थंडीत चौकीदार आणि त्याची बायको खोली बंद करून कोळशाची शेगडी घेऊन झोपले होते. सकाळी दार फोडणाऱ्यांत नागोजीराव होते. दोघं गाढ झोपल्यासारखी दिसत होती, गाल गुलाबी. मळ्यावरच्या डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं, जळायला पुरती हवा मिळाली नाही की जाळातून एक वायू निघतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. त्या दिवसापासून त्यांच्या पाठात ते शेवटचं वाक्य आलं होतं. आणि याच घरात ते अर्धवट विचारून त्यांनी सोडून दिलं होतं.

“सूनबाई!” ते ओरडले. “बाळे, दार उघड!”

आतून ‘उं’ असा आवाज आला. पुढे काही नाही.

“अहो, काय करतां?” अंबुजाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. “ती दूर आहे म्हणतें ना!”

नागोजीरावांनी छत्री फेकली. आधी पडवीतला सिलिंडर बंद केला, मग दाराला खांदा दिला. आत उबट कोंदट अंधार, आणि फ्रिजच्या बुडाशी विझता विझता फडफडणारी पिवळी लांब ज्योत. चंद्रिका चटईवर कुशीवर पडली होती, डोळे अर्धे उघडे, तोंडाशी ओकारी. ‘ऊठ,’ ते म्हणाले. तिनं हात टेकला, हात घसरला. त्यांनी श्वास रोखून चटईची दोन टोकं धरली आणि तिला चटईसकट ओढत आणलं. उंबऱ्यापाशी चटई अडकली. मग कसलं सोवळं आणि कसलं काय! काखेत हात घालून त्यांनी तिला उचललं आणि परसात, भर पावसात, आणून निजवलं.

पाणी तोंडावर पडलं तशी ती खोकली. पुन्हा ओकली. मग मोठा श्वास घेतला, आणखी एक घेतला. नागोजीराव चिखलात बसले होते आणि तिचे श्वास मोजत होते.

अंबुजाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. हातात पळी, अंगात सोवळं. नागोजीरावांना वाटलं, आता ही म्हातारी विचारणार, ‘शिवलांत तिला?’ त्यांनी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं, चांगलं झोंबणारं.

पण अंबुजाबाईंच्या हातातली पळी पडली. त्या तशाच पावसात उतरल्या, चिखलात बसल्या आणि सुनेचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. पदरानं तिचं तोंड पुसायला लागल्या.

“पित्त म्हटलं हो मी,” त्या म्हणाल्या. “तीन महिने हिला आल्याचं पाणी देत बसलें. दाराबाहेर ठेवून जायची. आंत डोकावलें सुद्धां नाहीं.”

“चूक माझी, अक्का,” नागोजीराव म्हणाले. “चटई बघितलों होतों मी. कळलं होतं मला. बोललों नाही.”

कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली, अजून तासभर गेला असता तर आपण आलो नसतो तरी चाललं असतं असं म्हणाला आणि औषध लिहून गेला. चंद्रिकेला पडवीत घोंगडीवर निजवलं होतं. संध्याकाळी सेतुमाधवराव कारखान्यातून आले, सगळं ऐकलं आणि पांढरेफटक पडले. मग, घाबरलेला माणूस जसा कुणावर तरी उखडतो, तसे ते नागोजीरावांवर उखडले.

“तुम्ही विचारलंत, मी सांगितलं होतं ना? या खोलीत कुणी राहत नाही म्हणून?”

घोंगडीतून चंद्रिकेचा आवाज आला, अगदी बारीक. सेतुमाधवरावांच्या बायकोचे शब्द नागोजीरावांनी आज पहिल्यांदाच ऐकले.

“मी राहतें कीं,” ती म्हणाली. “महिन्याचे तीन दिवस.”

पाऊस पडतच होता. नागोजीरावांनी थोडा उजेड होता तेवढ्यात धुराडं उतरवलं, ओंजळभर काजळी काढली, बर्नर घासला, पण ज्योत पेटवली नाही. ‘खोली बदलल्याशिवाय मी काडी लावणार नाही,’ एवढं त्यांनी सांगितलं, आणि आठची गाडी धरून घरी गेले. अलमेलूनं पाणी तापवून ठेवलं होतं. ते पाय सोडून बसले.

मे महिन्यात सहामाही साफसफाईला ते पुन्हा आवडीला गेले. या वेळी सेतुमाधवरावांनी त्यांना पुढच्या दारानं आत घेतलं. फ्रिज बैठकीत आला होता, मोठ्या खिडकीजवळ, भिंतीपासून हातभर सोडून. वर कशिद्याचा रुमाल होता आणि दाराला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. पाण्याचा पेला अंबुजाबाईंनी स्वतः आणून समोर ठेवला. फ्रिजमधलंच पाणी, गार.

नागोजीरावांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. वाकून बघितलं, ज्योत निळी.

“छान ठेवलाय हो,” ते म्हणाले. “आणि सूनबाई?”

“बरी आहे,” अंबुजाबाई म्हणाल्या. “एकदम बरी.” मग पदर सारखा करत म्हणाल्या, “दूर आहे. मागें.”

नागोजीरावांच्या हातातला ब्रश थांबला. सहा महिन्यांपूर्वी फ्रिजही दूर होता. त्याला चार माणसांनी उचलून बैठकीत आणलं, कुंकू लावलं. कंपनीच्या पाठात याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि गॅस तर त्या खोलीत राहिलाच नव्हता. त्यांनी धुराडं साफ केलं, सांधे फेसानं तपासले, कार्ड भरलं.

निघताना मात्र ते पुढच्या दारानं गेले नाहीत. वळसा घालून परसात आले. खोलीचं दार लोटलेलं होतं. चपलांचा आवाज ऐकून आतूनच चंद्रिका म्हणाली, “मामा कां? काळजी नक्को. खिडकी उघडीच असते आतां.”

“हो का, बाळे,” ते म्हणाले.

ती काही खोटं बोलणारी नव्हती. तरी ते भिंतीला वळसा घालून गेले, हात वर करून खिडकीच्या गजांतून आत घातला, आणि हवा येते-जाते का ते बघत उन्हात बराच वेळ तसेच उभे राहिले.