परत बोलावलेल्या मुक्या गाड्या

सर्व्हिस डिपार्टमेंटमध्ये माणूस दोन वर्षं टिकला की त्याच्याकडे पान्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. सांगायला बसलं की लोक म्हणतात, "काहीतरीच!" म्हणून मी सांगणंच सोडलं होतं. पण विषय काढलाच आहे तर ऐका. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला आले ती होसकोट्याच्या एका शेडमध्ये. तिथे आम्ही विजेवर चालणारी गाडी बनवत होतो. चाचणीसाठी अकरा गाड्या लोकांना दिल्या, आणि अकराच्या अकरा परत बोलवाव्या लागल्या!

*

सुरुवात आमच्याच आवारात झाली. आमच्याकडची नमुन्याची गाडी जेवणानंतर लिंबाखाली लावली होती. चहाच्या वेळी बघतो तर कॅन्टीनच्या दाराशी! "कोणी हलवली?" सगळ्यांनी कानावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही चहा पीत उभे होतो, तेव्हा ती पुन्हा आली. आत कोणी नाही, आवाज नाही, किल्ली साहेबांच्या खिशात.

साहेबांनी शांतपणे कप खाली ठेवला. म्हणाले, "जरा सरका. तिला जाऊ द्या."

दोष सापडला. दमट हवेत आतला एक स्विच चिकटायचा आणि किल्ली काढली तरी मोटरला थोडा करंट मिळत राहायचा. हँडब्रेक ओढायला कोणी विसरलं की गाडी पावलाच्या वेगाने निघायची. समोर कोणी असलं तर? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

व्हाइटफील्डच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. नागपूरचे गृहस्थ, बोलायला एकदम मोकळे. म्हटलं, "सर, गाडी परत बोलावतोय."

"अहो, ती कालच गेली!"

"कुठे?"

"शेजाऱ्यांच्या गुलाबांत! मी पेपर वाचत बसलो होतो. खुर्चीमागून कोणीतरी गेल्यासारखं वाटलं. मला वाटलं, बायको." वर म्हणाले, "मी तिच्याकडे चहासुद्धा मागितला!"

*

परत आलेल्या गाड्या आम्ही शेडमध्ये ओळीने लावायचो. बॅटऱ्या काढलेल्या, चाकांना लाकडी ठोकळे. एका सकाळी बघते तर सगळ्यांची तोंडं भिंतीकडे! वॉचमन मुनियप्पाला बोलावलं.

"मीच ढकलून फिरवल्या, मॅडम."

"का?"

"बघत होत्या. स्वल्प भीती वाटते."

मी त्याला झापणार होते. पण मान वर केली, त्या पाठमोऱ्या गाड्या बघितल्या आणि म्हटलं, "राहू दे तशाच."

*

दहा आल्या. अकरावी अडली बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी, एका अज्जींकडे. गाडी त्यांच्या मुलाने घेतलेली. तो मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. अज्जी एकट्या, भाषा फक्त कन्नड. संध्याकाळी तळ्यावरून गार हवा सुटली की गाडी हळूच अंगणात यायची, आणि अज्जी पायरीवर बसून तिची वाट बघायच्या. एक दिवस ती त्यांच्या अंगावर जाईल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचा मेकॅनिक बसवराजअण्णा निपाणीचा, दोन्ही भाषा त्याला सारख्याच. तो तीनदा जाऊन विनवून आला. गाडी द्यायला त्या तयारच नव्हत्या. शेवटी कशाबशा बॅटऱ्या काढू दिल्या. त्या आणून त्याने माझ्या टेबलासमोरच ठेवल्या.

साहेबांचा नियम असा, की गाडी ताब्यात येईपर्यंत रोज फोन करायचा आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे रजिस्टरमध्ये लिहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा बाहेर गेला होता, म्हणून फोन मी केला. कन्नडच्या नावाने माझी बोंब. विचारलं, "अज्जी, गाडी बंद?"

अज्जी इतक्या आनंदाने म्हणाल्या, "मग बंद! मग बंद!"

मला वाटलं, वा, अज्जींना मराठी येतं की! रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मग बंद.' आणि हुश्श केलं.

अण्णा आला, रजिस्टर वाचलं आणि उभाच राहिला. "मॅडम, अज्जी असंच बोलल्या?"

"अगदी असंच. दोनदा."

"कन्नडात मग म्हणजे मुलगा ओ. बंद म्हणजे आला."

मी समोरच्या बॅटऱ्यांकडे बघितलं. सगळ्या जागेवर होत्या. तशीच अण्णाला घेऊन जीप काढली.

तळ्याकाठी पोचलो तर गाडी अज्जींच्या शेडमध्ये नव्हती. अंगण ओलांडून घराच्या दाराला नाक लावून उभी होती. अण्णाने सीट उचलून बघितलं. कप्पा रिकामा, त्याने टेप लावून ठेवलेल्या वायरी तशाच. मला खरंच खूप भीती वाटली.

अज्जी बाहेर आल्या. नवी साडी नेसलेल्या. अण्णाशी दोन वाक्यं बोलल्या आणि हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणत्यात, गाडी न्या आता. त्यो आत आलाय."