आठव्यांदा उघडलेला मेनू

त्या वर्षी कापूस खरेदी केंद्रावर मी कारकून होतो. शेतकऱ्यांच्या नोंदी आणि रांगेतले नंबर ज्यात होते, तो सर्व्हर बंद पडला. साहेब म्हणाले, "सगळ्यांना नव्यानं रांगेत लावा." बाहेर गाड्या चार दिवसांपासून उभ्या होत्या.

लोहाऱ्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्या बाईंनी बुरख्याच्या बाह्या सरकवल्या आणि सर्व्हर बंद पडला तरी चालू राहणाऱ्या त्याच्या आतल्या कार्डाला लॅपटॉपची केबल जोडली. मशीन सुरू होताना नेमक्या क्षणी बटण दाबलं, तरच दुरुस्तीचा, म्हणजे रिकव्हरी मेनू उघडे. सात वेळा तो क्षण हुकला.

"सोडा आता," साहेब म्हणाले.

"कायले सोडू? मशीननं हार मानली नाही साहेब, तुमीच मानून राह्यले."

आठव्यांदा रिकव्हरी मेनू उघडला. नोंदी शाबूत निघाल्या.

"पहिल्या गाडीवाल्याले बोलवा," बाईंनी मला सांगितलं.

साहेबांना न विचारताच मी दारात जाऊन हाक मारली.