सुपडूनानांचा काटा

किल्ली फिरवली की सुपडूनाना लगेच गिअर टाकत नसत. आधी इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या मीटरच्या काचेवर नखाने टकटक करायची आणि आतल्या काट्याला विचारायचं, "काय सांगस भाऊ?" काटा जागचा हलला की मान डोलवून मग गाडी सोडायची. धुळ्यात हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीला शिव्या घालणारे, गाडीच्या पाया पडणारे, सगळे नमुने तिथे पाहिले. पण मीटरच्या काट्याची चौकशी करणारा हा एकच माणूस.

नाना सोनगीरचे. ट्रक स्वतःचा आणि ड्रायव्हरही स्वतःच. सावद्याहून केळी भरायची, राहूडचा घाट चढून नाशिकला उतरवायची. इंजिनाच्या घरघरीत जन्म काढल्यामुळे कान कामातून गेले होते. हॉर्न ऐकू येई, मोठ्याने बोललेलंही समजे. पण इंजिनातला बारीक बिघाड बाकीच्यांना कानाने कळतो, तो नानांना कळत नसे. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं होतं. केबिनमध्ये त्यातून नुसता धबधबा ऐकू येतो म्हणून ते खिशात असायचं. "मन्हा कान गयात, पन डोया शेतस ना!" असं म्हणून ते डॅशबोर्डकडे बोट दाखवत.

मग ट्रकचं इंजिन गेलं. ब्लॉकच फुटला. शेजारच्या रमेश मिस्त्रीने भंगारातल्या दुसऱ्या कंपनीच्या ट्रकचं चांगलं इंजिन मिळवलं आणि जुनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. इंजिन बसलं, गाडी सुरूही झाली. मीटर जोडायला ती माझ्याकडे आली, आणि नानांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "बाकी बठ्ठं बदली टाक. पन मन्हा काटा तोच पाहिजे, आन तठेच पाहिजे."

मी समजावलं, "नाना, खाली वेगळे मीटर लावून देतो. सगळे तेच करतात."

"सगळासना कान शेतस," नाना म्हणाले. "मन्हा डोया इतला वरीसफाईन आठेच जातस. घाटमा दुसरीकडे कसा जातीन?"

इतक्या वर्षांची नजरेची सवय मोडणार नव्हती, म्हणून मी कामाला लागलो. नव्या इंजिनात त्याच्याच कंपनीचा तापमानाचा सेन्सर होता. त्याची वायर मी जुन्या मीटरला जोडली. काटा उठला आणि बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला. मी खूश झालो. नाना मात्र काचेवर टकटक करत म्हणाले, "हाऊ खरं बोलस का, ते कसं समजी?"

शेवटी नानांच्या हट्टापायी आमची परीक्षा शेजारच्या टपरीवर झाली. सेन्सर काढला, लांब वायरी लावल्या आणि टपरीवाल्या अक्कांकडे पातेलं मागितलं. "दूधनं नई देस मी," त्यांनी बजावलं आणि पाण्याचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं. मी सेन्सर वायरीने पाण्यात सोडून उभा, नाना केबिनमध्ये काट्यासमोर. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून खुणा ठरल्या. मूठ म्हणजे थंड, उभं बोट म्हणजे मध्यावर, आडवं बोट म्हणजे लाल पट्टीपाशी. पाणी खळखळा उकळलं. काचेआड नानांचं बोट उभंच.

म्हणजे काटा खोटं बोलत होता. तो सेन्सर त्याच्या स्वतःच्या मीटरसाठी होता, आमच्या मीटरशी त्याचं जमत नव्हतं. इंजिन घाटात उकळलं असतं तरी काट्याने सगळं आलबेल दाखवलं असतं. नाना खाली उतरून म्हणाले, "खोटा काटापेक्षा मरेल काटा बरा. मरेलवर कोनी भरोसा तरी ठेवत नई."

दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन भंगारवाल्याकडे गेले आणि जुन्या इंजिनाचा पितळी सेन्सर स्वतः काढून आणला. नव्या इंजिनाचं भोक मोठं निघालं, म्हणून त्यात घट्ट बसेल असं पितळी कडं, म्हणजे बुश, लेथवरून करून घेतला. रमेशची कुरकुर चालू होती. पुन्हा पातेलं, पुन्हा पाणी. या वेळी नानांचं बोट हळूहळू कललं आणि आडवं झालं. नानांनी अख्ख्या टपरीला चहा पाजला.

पुढे बरीच वर्षं तो काटा आणि नाना बिनतक्रार चालले. गेल्या उन्हाळ्यात मात्र नाना गाडी घेऊन आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. राहूडच्या घाटात पंख्याचा पट्टा तुटला होता आणि बॉनेटमधून वाफ आली, तेव्हा कुठे त्यांना कळलं. "काटा तं मधमाच व्हता," ते म्हणाले. "तुन्हा सेन्सर गया भो."

पट्टा बदलला आणि आम्ही पुन्हा टपरीवर गेलो. पाणी उकळायला लागलं. केबिनमध्ये नानांचं बोट उभंच. सेन्सर गेला, असं मीही धरून चाललो. खात्री करावी म्हणून पातेलं अक्कांवर सोपवून केबिनमध्ये चढलो.

काटा लाल पट्टीला टेकलेला होता.

नाना माझ्याकडे पाहत होते. बोट अजून उभंच होतं. सेन्सर खराब आहे, असं सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलं. पण हा माणूस पुन्हा घाट चढणार होता. मी त्यांचं बोट हातात धरलं आणि आडवं केलं. मला फार वाईट वाटलं.

नानांनी काचेला नाक लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काटा खरा शे भो," ते म्हणाले. "मीच खोटा व्हई गऊ." डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला पडदा खराब झाल्याचं सांगितलं होतं, ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवलं. किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

सोनगीरपर्यंत गाडी मी चालवली. नाना डावीकडे बसले होते. निघताना त्यांनी सवयीने हात लांब करून काचेवर टकटक केलं, पण काट्याला काही विचारलं नाही. देवभाने गाव मागे पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय सांगस भाऊ?"

मी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर बोट उभं धरलं. नानांनी मान डोलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले.