बिनकंपनीचं सॉफ्टवेअर

नोकरी असताना आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ती गेली आणि किस्से साचायला लागले. नोकरीवाला माणूस भेटला की हवापाण्यावर बोलतो. बेकार माणसाला मात्र रोज कुणीतरी काहीतरी विचारतंच, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

आम्ही म्हणजे मी आणि संतोष. तळवड्याच्या एकाच कंपनीतून दोघांना एकाच दिवशी काढलं. तेव्हापासून अर्ज करतोय, आणि मधल्या वेळात संख्याशास्त्राचं एक सॉफ्टवेअर बनवतोय. कारखान्यात पार्टची मापं घेतात ना, ती त्यात टाकली की मशीन कधी बिघडायला लागलं ते आलेखावर दिसतं. ओपन सोर्स आहे. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, सुधारावं.

*

हे पप्पांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांची सगळी हयात पिंपरीत कारखान्यात गेली.

"कुठल्या कंपनीचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुणाचंच नाही."

"मग तुझी हजेरी कोण लावतं?"

संत तुकाराम नगरात आमच्या शेजारच्या काकूंनी, पोरगी हल्ली घरीच दिसते, असं म्हटलं, तेव्हा पप्पांनी परस्पर सांगून टाकलं की तिची शिफ्ट बदललीय. तेव्हापासून काकू दिसल्या की मी दार लावून घेते. आता कुठली शिफ्ट चालू आहे, ते मला पप्पांना विचारून ठेवावं लागतं.

*

संतोष पिंपळे सौदागरला राहतो, मूळचा लातूरकडचा. सासूबाई महिनाभर राहायला आल्या. बायकोला सगळं माहीत होतं, सासूबाईंना नाही. म्हणून हा रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघायचा आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसायचा. ओळखपत्राचं कार्ड कंपनीनं परत घेतलं होतं. गळ्यातली पट्टी आणि प्लास्टिकचं पाकीट तेवढं राहिलं होतं. ती पट्टी गळ्यात घालायची आणि पाकीट खिशात सारायचं.

एक दिवस पट्टी घरीच राहिली. सासूबाई ती घेऊन जिना उतरून गेटपर्यंत धावत आल्या. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात तर काहीच न्हाई की हो."

संतोष म्हणाला, नवीन कार्ड बनायला टाकलंय.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा त्या स्वतः भरायला लागल्या.

*

एका एचआरच्या मुलीनं फोनवर मुलाखत घेतली. मी उत्साहानं सांगितलं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राझीलचा एक जण सुधारणा पाठवतो. तिनं विचारलं, तो तुमचा मॅनेजर का? म्हटलं, नाही, आम्ही कधी भेटलोही नाही. तिचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "बरं मॅडम, आम्ही कळवतो."

*

कौतुकाचंही भय वाटतं. एका विद्यार्थिनीचा मेल आला की तिच्या प्रबंधातली सगळी आकडेमोड आमच्या सॉफ्टवेअरवर केलीय, मनापासून आभार. मी खूश. संतोषचा चेहरा उतरला.

"तिला लिही, हातानंही एकदा ताळा करून बघ म्हणावं," तो म्हणाला.

तो पूर्ण दिवस आम्ही अर्ज सोडून आमचीच गणितं पुन्हा तपासत बसलो. बरोबर निघाली. तरी त्याला झोप लागली नाही.

*

आणि हा किस्सा चाकणचा. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मुलाखतीला गेले. क्वालिटीच्या साहेबांनी माझा बायोडेटा वरवर चाळला. "नोकरीत गॅप आहे," म्हणाले, "आणि फुकटच्या कामाला आम्ही अनुभव धरत नाही." पुढच्या आठवड्यात नकार आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या सॉफ्टवेअरच्या पत्त्यावर मेल आला: सकाळपासून प्रत्येक पार्ट खराब दाखवतंय, लाइन बंद ठेवलीय, कुणीतरी तातडीनं बोलावं. मी माझा नंबर पाठवला. फोन आला आणि पहिल्या वाक्यालाच आवाज ओळखला. तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही.

संतोष शेजारीच होता. मी हातानं फोन झाकून त्याला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "आधी लाइन चालू करून दे त्यांची."

मी त्यांची फाइल मागवली. नव्या ऑपरेटरनं प्रत्येक पार्टच्या काही मापांच्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या आणि आमचं सॉफ्टवेअर त्या शून्य समजत होतं. दुरुस्त करून पाठवलं. पलीकडे कुणीतरी ओरडून सांगितलं, झालं चालू. साहेबांनी मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

"मॅडम, फार मोठं काम केलंत," ते म्हणाले. "तुम्ही सध्या कुठे असता?"

मी संतोषकडे पाहिलं.

"संत तुकाराम नगरला," मी म्हटलं.

"अरे वा," साहेब म्हणाले, "म्हणजे तुमची कंपनी आम्हाला जवळच की."