बुटकी नळी

"दिसत्या धुराला भिऊ नका, न दिसणाऱ्याला भ्या," असं वैजीनाथ एकदा म्हणाला होता. सेलूच्या हॉटेलात तेव्हा सगळे हसले होते.

तो कापसाच्या जिनिंगमधल्या, पेठेला वीज पुरवणाऱ्या गॅस इंजिनावर ड्रायव्हर. दिवसभर इंजिन गार पडलेलं असे. सांजेला पेठेतले दिवे एकदम लागत, तेवढ्या दोन-अडीच तासांसाठीच ते चालवायचं. भट्टीत बाभळीचा कोळसा, त्याचा गॅस, आणि गॅसवर इंजिन. पण भट्टी तापेपर्यंत अर्धा तास गॅस कच्चा निघे. तो चिमणीतून सोडून द्यावा लागे, आणि त्याची काजळी पेठेच्या धोतरांवर, शेवयांवर बसे. लोक ओरडले, तेव्हा मालक किशनरावांनी तोड काढली. कच्चा गॅस हौदाच्या पाण्यातून काढून मागच्या भिंतीपाशी एका बुटक्या नळीनं सोडायचा. नळी वैजीनाथनंच बसवली. काजळी पाण्यात राहिली, आणि पेठेनं दोघांचा सत्कार ठरवला.

भिंतीपलीकडं गोजरबाईचं घर होतं. ती म्हणाली, "वैजीनाथभाऊ, धुणं कसं दुधावानी निघायलंय. तुमचे उपकार हायेत." मग सहज बोलली, "कोकिळाचं डोकं तेवढं रोज सांजच्याला धरायलंय. लेकरूबी मलूल पडतंय, दूध प्यायना."

कोकिळा तिची लेक, पंधरा दिवसांची बाळंतीण. वारं लागू नये म्हणून भिंतीलगतच्या खोलीचं दार लावलेलं.

वैजीनाथनं भिंतीपाशीच्या नळीकडं पाहिलं. मागं एका गिरणीत त्याचा जोडीदार सुग्रीव असल्याच गॅसात गेला होता. गाल गुलाबी, जणू झोपलेला.

"तिला आजच दुसरीकडं न्या. काजळी पाण्यात राहिली, पण या नळीतून इख यायलंय."

"वास न्हाई, धूर न्हाई, अन् इख म्हणं!" गोजरबाई हसली. "ओल्या बाळंतिणीला कुटं हलवू, भाऊ?"

तो मालकाकडं गेला. किशनराव पान जुळवत होते. "उद्या लोक हार घालायलेत, अन् तू परत काजळी उडवतो म्हणतोस? सत्कार होऊ दे. मग बघू."

मग म्हणजे किती सांजा, हे त्यानं विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्यानं बुटक्या नळीत सिमेंट ठासलं आणि चिमणीची झडप पुरी उघडली. दुपारपर्यंत सिमेंट दगड झालं.

सांजेला आवारात खुर्च्या मांडलेल्या. त्यानं भट्टी पेटवली. चिमणीतून काळा लोट उठला, वर गेला, आणि हळूहळू पांढऱ्या टोप्यांवर, हारांवर उतरू लागला. खुर्च्या सरकल्या. किशनराव धावत आले. "काय केलंस रे हे? बंद कर ते."

मागून गोजरबाई आली. हातात बाळाची दुपटी, सगळी काळी झालेली. "आमी तुमचं काय घोडं मारलं होतं, भाऊ? लेकराला आता काय घालू?"

वैजीनाथनं तिच्याकडं पाहिलं. पाठीमागं तिच्या घराचं दार अजून बंदच होतं, पण आता नळीही बंद होती. त्यानं चिंधीनं हात पुसले, टोपी घातली, आणि फाटकाबाहेर निघून गेला.