सोमशेखरच्या भुवईवरची खूण

सोमशेखरबद्दल चांगलं बोलणारी माणसं बाळीवेशीत पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. पण त्याला सगळ्यांत जास्त ओळखतो मीच, कारण पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो आणि तेव्हापासून मी त्याच्यावर जळतोय. आता दोघंही बावन्न वर्षांचे आहोत. जळण्याचा एवढा सराव गावात दुसऱ्या कुणाला नसेल.

माझा फोटो स्टुडिओ आहे. सोमू चादरींची डिझाइनं काढतो. चादरीवर जो मोर किंवा जी वेल दिसते, ती आधी कुणीतरी बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावी लागते. एक चौकोन चुकला की मोराची मान मोडते. आता हे काम कॉम्प्युटरवर होतं. सोमू कॉम्प्युटर शिकला तो पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्या स्टुडिओत, माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पीत. त्याचं कौतुक करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

चित्रकला आम्हा दोघांचीही चांगली. एलिमेंटरीच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली, त्याला बी. माझं सर्टिफिकेट अजून स्टुडिओत लावलेलं आहे, आलात तर बघा. पण मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीत लावायला चित्र निवडलं ते सोमूचं. कमळाच्या पाकळ्यांची एक चौकट होती, बाकी त्यात काही नव्हतं. मी धावता घोडा काढला होता. सरांनी वर्गात त्याचं चित्र सगळ्यांना उंच धरून दाखवलं, तेव्हा माझ्या हातात पत्र्याची कंपासपेटी होती. मी ती सोमूला फेकून मारली. डाव्या भुवईवर बसली. रक्त नाकापर्यंत आलं. मागं बसलेल्या आम्हा दोघांकडं कुणाचं लक्ष नव्हतं, आणि सर धावत आले तेव्हा सोमू म्हणाला, "बाकावर आपटलो सर." चार टाके पडले. भुवईचे दोन तुकडे झाले आणि मधे एक पांढरी रेघ कायमची राहिली.

त्यानं माझं नाव सांगितलं नाही, याचासुद्धा मला राग आला. नाव सांगितलं असतं तर मार खाऊन मोकळा झालो असतो.

पुढं मी फोटोग्राफर झालो. त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहरे सुधारायचे. नवरीचा तीळ, नवऱ्या मुलाच्या गालावरचे देवीचे व्रण, कुणाच्या डोळ्याखालचं काळं, सगळं मी घालवायचो. आमच्या भागातल्या कितीतरी सोयरिकी माझ्या पेन्सिलीवर जमल्या. सोमूचा फोटो आला की मी पहिल्यांदा ती रेघ घालवायचो. कॉलेजच्या ओळखपत्रावर घालवली, लग्नाच्या अल्बममध्ये घालवली, बँकेच्या पासबुकावर घालवली. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी बोललो नाही. मला त्या रेघेचं वाईट वाटायचं असं नाही. उद्या कुणी विचारलं, काय रे हे, कुणी मारलं, तर काय सांगणार? त्यापेक्षा रेघच नको.

सत्तावीस वर्षं तो अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात डिझाइन मास्तर होता. दोन वर्षांपूर्वी मालकानं बाहेरून तयार डिझाइनं घ्यायला सुरुवात केली आणि सोमूला घरी बसवलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझा धंदा मोबाइलनं खाल्ला होता, आता त्याचीही नोकरी गेली, म्हणजे कुठं बरोबरी झाली. रोज संध्याकाळी तो स्टुडिओत येऊन बसायचा आणि मी त्याला धीर द्यायचो. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ होता.

गेल्या वर्षी जूनमध्ये तो काळ संपला. सोमू आला तो मोबाइल पुढं करतच. त्यानं इंटरनेटवर टाकलेली डिझाइनं पोर्तुगालमधल्या एका गिरणीला आवडली होती. त्यांना पुढच्या हंगामासाठी बारा हवी होती. अडचण एकच. ते करार करणार फक्त युरोपात नोंदलेल्या कंपनीशी.

"मग काय, तू पोर्तुगालला निघालास?" मी विचारलं.

"कशाला? हितंच बसणार की. तिकडं एक लहानसा देश हाय. त्यो परदेशातल्या माणसाला डिजिटल वळखपत्र देतोय. त्या कार्डावर घरबसल्या तितं कंपनी काढायची. सही बी कार्डानंच करायची."

"म्हणजे तिथला नागरिक होणार तू?"

"न्हाय रे. नागरिक न्हाय, व्हिसा न्हाय. नुसती वळख."

नुसती ओळख! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला टिळक चौकाच्या पलीकडं कुणी ओळखत नाही आणि याला समुद्रापलीकडचं सरकार ओळखणार. चार दिवसांत पेठेत बोभाटा झाला की सोमशेखर फॉरेनमध्ये कंपनी काढतोय. त्या देशात पाय ठेवायला त्याला व्हिसा लागणारच आहे, हे मी ज्याला त्याला मुद्दाम सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. घरी दानेश्वरी, म्हणजे आमची बायको, ताट वाढता वाढता म्हणाली, "भावजी बघा, ह्या वयात कंपनी काढायलेत. तुमी दुकानाची पाटी तरी रंगवून घ्या की." मी त्या दिवशी भाकरी अर्धी ठेवून उठलो.

गिरणीनं सप्टेंबरअखेरची मुदत दिली होती. अर्जाची तपासणी महिनाभर चालणार, मग दिल्लीच्या वकिलातीत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, कार्ड घ्यायचं, कंपनी नोंदवायची आणि करारावर सही. सोमूनं हे सगळं त्याच्या चौकटीच्या कागदावर लिहून काढलं होतं. जुलैच्या मध्यावर अर्ज गेला तर सगळं वेळेत बसत होतं. हे काम हुकलं तर त्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

फोटोसाठी तो माझ्याकडंच आला. खिशातून नियमांचा कागद काढून त्यानं मला वाचून दाखवला.

"मागं पांढरी भिंत पायजे. चष्मा काढायचा. दात दाखवायचं न्हाय. आन् हे बघ, ह्येच्याखाली मी लाल रेघ मारलीय. फोटोत कायबी सुधारायचं न्हाय. हाय तसा चेहरा पायजे."

"तीस वर्षं हेच करतोय मी. मला शिकवतोस?"

"तसं न्हाय रे," तो हसला आणि स्टुलावर ताठ बसला.

फोटो काढला आणि दोन तासांनी ये म्हणून त्याला पाठवून दिलं. मग कॉम्प्युटरसमोर बसलो. हाताला सवय आहे, हात आपोआप गेला, असं मी पुढं महिनाभर स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. लाल रेघ मारलेला कागद तो टेबलावरच विसरून गेला होता. पासपोर्टचा फोटो त्या ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्या कॅमेऱ्यावर काढलेला, तिथं माझं काही चाललेलं नव्हतं, आणि त्यात भुवईवरची खूण ठळक होती. तिकडची माणसं दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघणार, एवढं कळायला फार शिक्षण लागत नाही. मी पांढरी रेघ पुसली. भुवई सलग केली. आणि हात लागलाच आहे तर म्हणून नाकही थोडं सरळ केलं. काम इतकं सफाईदार झालं की मलाच माझं कौतुक वाटलं.

सोमू आला, पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, धरलं यानं आपल्याला. पण तो "लई झ्याक" म्हणाला आणि फाइल घेऊन गेला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडून उत्तर आलं. फोटो पासपोर्टशी जुळत नाही, त्यात फेरफार दिसतो, नवीन पाठवा, तपासणी पुन्हा पहिल्यापासून होईल. सोमू ते मोबाइलवर घेऊन आला. मी चिडायची तयारी करून बसलो होतो. तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडणार होतो.

"माझीच चूक," तो म्हणाला. "दुसरा काढ. जसा हाय तसा."

मोबाइलवर भिंतीसमोर उभं राहून कुणाकडूनही काढून घेता आला असता. तरी आला माझ्याचकडं. मी फोटो काढला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. काहीही न करणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर ती रेघ मी पहिल्यांदा एवढी स्पष्ट बघत होतो. टाके जिथं पडले होते ते चार ठिपकेसुद्धा दिसत होते. मी फाइल तशीच दिली.

सप्टेंबर संपला, कार्ड आलं नाही. पोर्तुगालच्या गिरणीनं कळवलं की आम्ही या हंगामाचं काम दुसऱ्याला दिलंय, पुढच्या वर्षी बघू. त्या संध्याकाळी मी दानेश्वरीला गोड म्हणून शेंगापोळ्या करायला सांगितल्या. "आज काय हाय?" तिनं विचारलं. काही नाही म्हटलं. दोन खाल्ल्या, तिसरी तिच्या ताटात सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून सोमू स्टुडिओत यायचा बंद झाला. नवी पेठेत एका चादरीच्या दुकानात कामाला लागला होता. गिऱ्हाइकापुढं चादर उलगडायची, नाही पसंत पडली की घडी घालून परत फळीवर ठेवायची. एकदा मी समोरच्या बाजूनं जाताना बघितलं. एक बाई चादर हातात घेऊन म्हणत होत्या की वेल फारच गिचमिड आहे, आणि सोमू मान हलवून घडी घालत होता. ती वेल त्याचीच होती. मला त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक वेल ओळखू येते. मला आनंद व्हायला हवा होता. मी मान खाली घालून चालायला लागलो.

नोव्हेंबरात त्याचा अर्ज मंजूर झाला. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्लीला जाऊन ठसे देऊन आला आणि स्टेशनवरून थेट स्टुडिओत. खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली. एक छोटा डबा त्यानं माझ्यापुढं ठेवला. आत कार्ड होतं आणि ते कॉम्प्युटरला जोडायचं एक यंत्र. मी कार्ड उलटून पालटून बघितलं. नाव होतं, नंबर होता, सोनेरी चिप होती.

"फोटो कुठाय?"

"न्हाय. ह्या कार्डावर फोटो नसतोयच म्हणं."

"फोटोच नाही? मग एवढं रामायण कशासाठी झालं?"

सोमू खदखदून हसला. इतका, की त्याला स्टुलावर बसावं लागलं. हसू थांबल्यावर त्यानं चष्मा पुसला.

"एक सांगू? तू पयल्या फोटोत खूण काढलेली मी तवाच बगितली हुती."

"मग पाठवलास कशाला?"

"काय करणार? इतकी वर्सं बगतोय, तुला ती खूण बघवत न्हाय. माज्या लग्नात बी काढलीस. दरवेळी तू ती पुसतोस आन् मला वाटतंय, ह्येच्या मनाला अजून लागलंय. ह्या वेळी बी काढलीस. आता तुला कसं म्हणायचं, की ती परत घाल? म्हटलं, जाऊ दे. तिकडच्या मशिनला काय कळतंय. पण कळलं की रे त्येला."

"सोमू, मी ते..."

"साकु," तो म्हणाला. बास, असं कानडीत म्हणून त्यानं लहानपणीसुद्धा माझं तोंड असंच बंद केलं होतं, दवाखान्यात, टाके पडल्यावर. "पोरगं हुतास तू. गिरणी काय, पुढच्या हंगामाला येईल." कार्ड डब्यात घालून तो आंघोळीला घरी गेला.

त्यानं माझ्या जळण्याला पश्चात्ताप समजून आयुष्य काढलं होतं, आणि त्यापायी हातातली गिरणी घालवली होती. चित्राचा हात देवानं त्याला दिला, ते मी एक वेळ सोसलं. पण असं मनही त्यालाच द्यावं? त्या दिवशी मी त्याच्यावर जळलो तेवढा चाळीस वर्षांत कधी जळलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेतला जुना नवरीचा फोटो काढला आणि तिथं सोमूचा दुसरा फोटो मोठा करून लावला. रेघेसकट, चार ठिपक्यांसकट. कुणी थांबून विचारतं, ह्यांच्या भुवईला काय झालं, तर मी सांगतो की मी कंपासपेटी मारली होती. जुलैमध्ये पहिल्या फोटोचं मुद्दाम काय केलं ते सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून इथं लिहिलंय. सोमू वाचेल तेव्हा वाचेल.

फोटो मात्र चांगला आलाय. येणारी जाणारी माणसं काचेसमोर थांबतात. काय चेहरा आहे हो ह्या माणसाचा, म्हणतात. फोटो कुणी काढला, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.