बुवाच्या आधी कोरस

दादाने दोन महिने आम्हाला दही खाऊ दिलं नाही. लोणचं बंद, बर्फाचं पाणी बंद, आणि कोणी आइस्क्रीमचं नाव काढलं तर त्याच्याकडे तो असा बघायचा की माणूस आपोआप कोमट पाणी मागायचा. आम्ही म्हणजे डोंबिवलीत मानपाडा रोडला असलेल्या आमच्या बिल्डिंगचं भजन मंडळ. पेटी-पखवाजवाल्यांसकट, मी आणि वहिनी धरून बारा जण. एवढं पथ्य बघून कोणालाही वाटलं असतं की कुठेतरी तगडी भजन स्पर्धा आहे. तसलं काही नव्हतं. आम्ही ठाण्याला कोलशेतच्या मैदानावर रॉक शो बघायला जाणार होतो. चांगली तिकिटं काढून, प्रेक्षक म्हणून.

ज्याचा शो होता त्याला आमच्या घरात ‘बुवा’ म्हणतात. हे नाव दादाने ठेवलं, कॉलेजात असताना. तेव्हा त्याने कुठूनतरी त्याची कॅसेट आणलेली. मी शाळेत होते. कव्हरवर खांद्यापर्यंत केस, काळं जाकीट, गळ्यात गिटार, आणि मराठीत असा काही ओरडून गायचा की आईने पहिल्या दिवशी टेप बिघडला समजून प्लगच काढला. दादा मात्र कॅसेट उलटसुलट करून चार वेळा ऐकून म्हणाला, “हा बुवा आहे गं. पेटीच्या जागी गिटार आहे एवढंच.” त्या दिवसापासून आम्ही दोघं त्याच्या पायी येडे झालो ते झालोच. मला कोणी दहावीत अभ्यासाच्या टेबलासमोर देवीचा फोटो लाव म्हणालं, तर मी बुवाचा लावलेला. आता मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो आहे, मुलगी कॉलेजात जाते, आणि तो फोटो अजून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला आहे. लाज वगैरे अजिबात वाटत नाही.

भजनाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. वेडेपणा होताच, पण त्याला कारण होतं. भजनात बुवा ओळ म्हणतो आणि मागे बसलेला कोरस ती उचलतो. बुवाने डावा हात वर करून मान जरा वळवली की ती खूण. मग कोरसने इकडेतिकडे बघत बसायचं नाही. आणि बुवाचा आवाज कधी अडकला, तर खुणेचीही वाट बघायची नाही. तो अडकलाय हे समोर बसलेल्यांना कळायच्या आत ओळ आपल्या अंगावर घ्यायची. गावाला गणपतीत आमचे आजोबा कोरसमध्ये, मग बाबा, मग दादा. दादा स्वतः कधी बुवा झाला नाही आणि त्याला व्हायचंही नव्हतं. कोरस त्याच्याइतका घट्ट कोणी बांधत नाही, हे आजूबाजूची मंडळंही मान्य करतात.

तर झालं असं होतं, की दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ह्या रॉकवाल्या बुवाचा आवाज भर कार्यक्रमात गेला. त्याचं एक गाणं आहे, ज्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि तो एकटा एक लांब हाक वर वर घेऊन जातो. शब्द नाहीत, नुसती हाक. ती ऐकायलाच लोक येतात. त्या दिवशी ती हाक अर्ध्यावर फाटली. पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. मग तो माईकपासून मागे झाला. कोणीतरी हसलं, कोणीतरी शिट्टी मारली, आणि कोणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं. ती क्लिप नंतर महिनाभर लोकांनी गंमत म्हणून फिरवली. पुढे कळलं की घशाचं ऑपरेशन झालं.

दादा त्या कार्यक्रमाला होता. अगदी पुढे, तिसऱ्या रांगेत. घरी आला आणि जेवला नाही. “मी उभा होतो गं,” एवढंच म्हणत राहिला. “बुवा अडकला आणि मी उभा होतो. गप्प.” मी म्हटलं, अरे तिथे एवढी हजारो माणसं होती, तू एकटा काय करणार होतास? त्यावर तो चिडला. एकटा होतो म्हणूनच तर, असं म्हणाला.

म्हणून कोलशेतचा शो जाहीर झाला तेव्हा दादाने अख्ख्या मंडळाची तिकिटं काढली. बुवा बऱ्याच काळाने परत उभा राहणार होता. ह्या वेळी मागे कोरस असणार होता. हाक अडकली, तर आम्ही बारा जणांनी ती उचलायची, अशी की लोकांना वाटावं हे असंच बसवलंय. रोज संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. ज्येष्ठमधाच्या काड्या चघळत पन्नाशीची माणसं रॉक गाण्यातली हाक घोटतायत, हे बघायला जिन्यात पोरं जमायची. वरचा सूर माझ्याकडे होता. लहानपणी कोरसमध्ये बायका नकोत म्हणून मला मागे बसवणारा हाच दादा आता म्हणत होता, “तू लागलीस की आम्ही तुझ्यामागे. चुकलीस तर बघ.”

“अहो, पण तुम्ही उचलणार आहात, हे त्याला माहितीये का?” वहिनीने विचारलं.

“बुवाला सांगून उचलतात का कधी?” दादा म्हणाला. वहिनीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पण दुसऱ्या दिवसापासून तीही तालमीला उभी राहिली.

शोच्या दिवशी दुपारीच आम्ही बिल्डिंगखाली जमलो. सगळ्यांनी काळे टी-शर्ट घातलेले. पखवाजवाले काका सत्तरीचे, त्यांनी टी-शर्टवर नेहमीप्रमाणे कपाळाला गंधही लावलं होतं आणि ते सगळ्यांत झकास दिसत होते. भजनाला जातो तीच गाडी, तोच ड्रायव्हर. निघायच्या आधी शिळफाट्याने जायचं की माणकोलीच्या पुलाने, ह्यावर भांडण झालं. डोंबिवलीतून कुठेही निघायचं तर हे भांडण झाल्याशिवाय गाडी हलत नाही. शेवटी पुलाने गेलो, खाडीचा वारा लागू नये म्हणून दादाने सगळ्या काचा लावून घेतल्या, आणि घामाघूम होऊन आम्ही कोलशेतला पोचलो.

गेटवर काकांच्या पिशवीने मशीन किंचाळली. आत झांज होती.

“ये क्या है?” गार्डने विचारलं.

“झांज आहे. आमच्याबरोबर असते,” काका म्हणाले.

गार्डने ती हातात घेऊन एकदा हळूच वाजवून बघितली, हसला, पण आत काही सोडेना. वहिनीने आणलेल्या कोथिंबीर वड्याही सोडेना. टाकून द्यायला आम्ही काय वेडे होतो? गेटच्या बाजूला उभं राहून आम्ही दोन डबे फस्त केले, चार वड्या गार्डला दिल्या आणि झांज ड्रायव्हरकडे देऊन आत शिरलो. दादा एकटाच उपाशी. तेलाने घसा बसतो, म्हणे.

आत गेल्यावर मात्र मी सगळं विसरले. एवढी माणसं आणि सगळी आपल्यासारखीच खुळी! माझ्या वयाच्या बायका कपाळाला काळी पट्टी बांधून आलेल्या. एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन तिला गाणी पाठ आहेत का हे तपासत होता. आम्ही ढकलत, सॉरी म्हणत, थोडं दादागिरी करत स्टेजच्या डाव्या अंगाला अगदी पुढे जाऊन उभे राहिलो. दिवे गेले, गिटारचा पहिला फटका आला, आणि तो छातीत बसला. बुवा स्टेजवर आला तेव्हा मी इतकी किंचाळले की दादाने माझ्या डोक्यात टपली मारली. “आवाज ठेव ना जरा, बाई!”

केस पांढरे झालेले, पण जाकीट तेच. पहिली दोन गाणी त्याने जपून घेतली. तिसऱ्यात मोकळा झाला. आवाज जाड झाला होता, खाली छान घुमत होता, आणि मी उड्या मारत होते. वहिनी उड्या मारत होती. काका जागच्या जागी मांडीवर ठेका धरून होते. फक्त दादा हलत नव्हता. तो बुवाच्या गळ्याकडे बघत होता. गाणं कसं झालं हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. श्वास कुठे घेतला हे मात्र अचूक सांगता आलं असतं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

मग ते गाणं सुरू झालं. मैदानाला कळलं, सगळीकडून आरोळी उठली आणि एकदम ओसरली, कारण क्लिप सगळ्यांनीच बघितलेली. शेवटचं कडवं आलं. आम्ही बारा जण आपोआप जवळ सरकलो. ड्रम थांबला, गिटार थांबली. बुवाने डोळे मिटले, डावा हात वर केला आणि मान आमच्या बाजूला वळवली.

आता तुम्हीच सांगा. तीन पिढ्यांची सवय. हात वर, मान वळलेली. मी विचार केलाच नाही, लागले. आणि माझ्यामागे अकरा गळे असे धरून आले, की त्या संपूर्ण शांत मैदानावर आमचीच हाक वर चढली. काय लागला होता तो सूर! दोन महिन्यांत एकदाही इतका लागला नव्हता.

फक्त बुवाने अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

तो हात त्याने गर्दीला गप्प करायला वर केलेला. हे मला सूर सोडल्यावर कळलं, माना वळल्यावर, मोबाईल आमच्यावर रोखले गेल्यावर. कोणीतरी “ए, चूप बसा रे!” म्हणून ओरडलं. कोणी हसलं, अगदी त्या क्लिपमधल्यासारखं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याला हसण्यापासून वाचवायला आलो, त्याचीच हाक आम्ही त्याच्या तोंडातून काढून घेतली होती. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

बुवा माईक घेऊन आमच्या बाजूला चालत आला. टोकाला येऊन वाकून बघितलं. काळे टी-शर्ट, काकांचं गंध.

“भजनवाले का रे तुम्ही?” त्याने विचारलं. मैदानभर ऐकू गेलं. “कुठलं मंडळ?”

“डोंबिवली!” वहिनीच ओरडली. मागून डोंबिवलीकरांनी जी शिट्ट्यांची बरसात केली, त्यात ठाणेकरांची हुर्यो बुडून गेली.

“कोरस झकास आहे,” तो म्हणाला. “पण बुवाच्या आधी?” सगळे हसले. मग तो आमच्याकडेच बघत, हळू आवाजात म्हणाला, “कळलं मला, का उचललंत. ती क्लिप मी पण बघितलेय. पण आज मला जाऊ दे वर. पडलो तर पडलो. कोणी हात लावायचा नाही. ऐका फक्त.”

तो मागे गेला. आता कोणी हसत नव्हतं. त्याने हाक घेतली.

खालून निघाली, जाड, रुंद. मधल्या वळणापर्यंत आली. माझे कान दुखायला लागले, इतकी मी ऐकत होते. आणि तिथेच, नेमकी तिथेच, ती फाटली. नुसती हवा. आमच्या बारा जणांच्या छात्या एकदम भरल्या, मी तोंड उघडलं, आणि दादाचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला. पंजा खाली. गप्प राहा, ही त्याची खूण. आयुष्यभर त्याने हीच एक गोष्ट केली होती, अडकलेलं उचलायची, आणि तो ती करत नव्हता. मी ओठ दाबून धरले. शेजारी काका डोळे मिटून पुटपुटत होते. बुवा तसाच उभा, तोंड उघडं, मान वर, मागे न होता.

त्याने श्वास घेतला. जिथे फाटली होती तिथूनच पुन्हा धरली, खरखरीत, चरे पडलेली, आणि पूर्वीच्या उंचीला न जाता थोडी अलीकडेच थांबवली. आणि तिथे ती टिकली. लांबत गेली, लांबतच गेली, त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पोरीला खांद्यावर घेतलेला बाप “आई गं” म्हणाला, आणि मी रडतेय हे मला गालावर पाणी आल्यावर समजलं. कॅसेटमधली हाक अशी नव्हती. ही त्याहून खालची होती, आणि मला तीच हवी होती हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ती संपली. मग माझ्या कानाशी कोणीतरी केवढ्यांदा तरी ओरडलं. दादा होता. दोन्ही हात हवेत, टी-शर्ट वर चढून पोट उघडं, दोन महिने दह्यावाचून जपलेला गळा ताणून तो नुसता “बुवाऽऽ!” करत होता. आवाज चिरकला, फाटला, तरी ओरडतच राहिला. त्यात सूर नावाला नव्हता.